फोन लॉकरमध्ये, घड्याळ पाण्यात
(जलक्रीडेसाठी बेताच्या किमतीचं जीपीएस घड्याळ घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा लागला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "भिया, पाण्यात चालणारं, जीपीएसवालं, पण स्वस्तातलं घड्याळ दाखवा ना." विचारणारे कधी महेश्वरला कयाक शिकायला जाणारी पोरं असतात, कधी भोपाळच्या बड्या तलावावर रोइंगचा सराव करणाऱ्या मुलीचे बाबा, तर कधी रोज पहाटे तरणतलावात उतरणारे आजोबा. तिघांच्या हातात एकच घड्याळ दिलं तर निदान दोघांचे पैसे वाया जातील. म्हणून हे पत्रक छापलं. घरी नेऊन निवांत वाचा, मग या.

आधी आजोबांचं बोलू, कारण ते लवकर आटपतं. तरणतलावात जीपीएस लागतच नाही. हाताच्या हालचालीवरून आणि भिंतीला लागून वळण्यावरून घड्याळ फेऱ्या मोजतं आणि तलावाच्या लांबीनं गुणतं. ती लांबी, २५ मीटर असो की ५०, तुम्हीच आधी भरायची असते. चुकीची भरली तर महागातलं घड्याळही चुकीचंच सांगेल. तेव्हा आजोबा, जीपीएसचे पैसे वाचवा आणि पोहण्याचा एक चांगला चष्मा घ्या.

आता नदीवर आणि तलावावर जाणाऱ्यांसाठी.

डब्यावरचं 'जीपीएस' कुणाचं?

सगळा घोळ इथेच होतो. स्वस्तातल्या अनेक घड्याळांच्या डब्यावर 'जीपीएस' ठळक छापलेलं असतं, पण ते जीपीएस तुमच्या फोनचं असतं. घड्याळ ब्लूटूथवरून फोनला विचारतं, 'आपण कुठे आहोत?' सकाळी बिलावली तलावावर फिरायला जाताना फोन खिशात असतो, तोवर सगळं ठीक. पण कयाकमध्ये बसताना फोन गाडीत किंवा लॉकरमध्ये राहतो. मग तुम्ही नर्मदेत पाच किलोमीटर वल्हवून या, घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. हातांच्या हेलकाव्यांना पावलं समजून ते काहीतरी आकडा ठोकून देतं.

डब्यावर 'बिल्ट-इन जीपीएस' हे शब्द शोधा. 'कनेक्टेड जीपीएस' असेल तर ते घड्याळ या कामाचं नाही. शंका असेल तर आमच्याकडे सरळ चाचणी आहे: फोन आमच्या काउंटरवर ठेवा, त्याचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळ हातात बांधून बाहेर पडा आणि चौकापर्यंत जाऊन या. परत आल्यावर ब्लूटूथ लावून घड्याळ फोनला जोडा; तुम्ही चाललात त्या वाटेची रेघ फोनमधल्या नकाशावर उमटली तर जीपीएस घड्याळाचं स्वतःचं.

एक मात्र सांगून ठेवतो. ही चाचणी सराफ्याच्या गल्लीत केलीत तर रेघ लोकांच्या दुकानांतून आरपार जाताना दिसेल. घाबरू नका. उपग्रहांचे सिग्नल उंच भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि घड्याळ फसतं. हे टाळायला महागड्या घड्याळांत 'ड्युअल-बँड' नावाची सोय असते, म्हणजे एकाऐवजी दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणं. तलावावर मात्र डोक्यावर सगळं आकाश मोकळं असतं, त्यामुळे फक्त पाण्यासाठी घड्याळ घेणाऱ्यानं ड्युअल-बँडला जास्तीचे पैसे मोजू नयेत. आम्ही विकतो, नफाही त्यातच जास्त, तरी सांगतो.

पाण्याखाली जीपीएस आंधळं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल आधीच क्षीण असतो आणि पाण्याचा जेमतेम हातभर थरही त्याला भेदता येत नाही. म्हणून उघड्या पाण्यात पोहताना हात बाहेर येतो तेवढ्या क्षणातच घड्याळाला काय पकडायचं ते पकडावं लागतं. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्याबाहेरून पुढे जातो, तेव्हा निभतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मनगट जवळजवळ सारा वेळ पाण्याखालीच, त्यामुळे रेघ वेडीवाकडी येणारच.

यावर जुने पोहणारे एक युक्ती करतात. घड्याळ हाताला न बांधता टोपीखाली डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवतात, किंवा कमरेला बांधून मागे ओढायच्या रंगीत फुग्यावर अडकवतात. फुगा तसाही घ्याच. नावाड्याला तो लांबून दिसतो, तुमचं डोकं दिसत नाही.

घड्याळात 'ओपन वॉटर' नावाचा वेगळा मोड आहे का, हे जरूर बघा. तो मोड हाताची लय ओळखून मधली गाळलेली जागा भरून काढतो. धावण्याचा मोड लावून पोहलात तर तुमचे हजार मीटर कितीही होऊ शकतात. गार्मिनचं फोररनर ५५ हे याचं चांगलं उदाहरण. जीपीएस स्वतःचं, पाण्याचा दाब सोसायचा दर्जा पाच एटीएम (त्याबद्दल पुढे सांगतो), तरणतलावाचा मोडही आहे, पण ओपन वॉटर नाही. धावणाऱ्याला सुरेख, नदीत पोहणाऱ्याला अपुरं. कोरोस पेस २ मध्ये तो मोड आहे आणि नायलॉनच्या पट्ट्यासकट त्याचं वजन ३० ग्रॅमच्या आत आहे. मॉडेल जुनं झालंय, म्हणूनच कधीकधी परवडणाऱ्या भावात मिळून जातं.

कयाक आणि रोइंगवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचं मनगट पाण्याबाहेर असतं, पण सतत पुढे-मागे होतं आणि मागे वळलं की घड्याळाचं बटण दाबलं जातं. अर्ध्या फेरीत नोंद बंद पडते आणि हे किनाऱ्यावर आल्यावर कळतं. घड्याळ लाईफ जॅकेटच्या खांद्यावरच्या पट्ट्याला बांधा. वेगाचा आकडा स्थिर येतो, बटणंही दाबली जात नाहीत. हृदयाचे ठोके तेवढे मिळणार नाहीत. तसंही गार पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पट्ट्याखाली पाणी शिरतं, त्यामुळे मनगटावरचा तो आकडा फारसा मनावर घेऊ नये.

पाच एटीएम, आयपी६८ आणि '५० मीटर'

आमच्या वडिलांच्या काळात दुकानात चावीची घड्याळं दुरुस्तीला यायची. तेव्हाही लोक विचारायचे, 'मागे ५० मीटर लिहिलंय, मग पाणी गेलं कसं?' कारण तो आकडा खोलीचा नाही, स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक एटीएम. हात जोरात पाण्यावर आपटला की क्षणभर दाब वाढतो. म्हणून पाच एटीएम म्हणजे पृष्ठभागावर पोहणं, वल्हवणं. जेट-स्की किंवा उंचावरून उडी मारणं त्यात बसत नाही. महेश्वरला सहस्रधारेच्या खडकांमधून, जिथे २०२३ मध्ये खेलो इंडियाच्या कॅनो स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून होडी काढायच्या, शर्यती झाल्या, तिथे सराव करणार असाल तर दहा एटीएमचं घ्या. गार्मिन इन्स्टिंक्ट किंवा अमेझफिट टी-रेक्स ३ त्या वर्गातली आहेत. खडकावर आपटायचंच आहे, तर जाड कडांचं बरं.

आयपी६८ हे मात्र वेगळ्या घराण्यातलं. तो स्थिर, गोड्या पाण्यात ठेवून घेतलेल्या चाचणीचा शिक्का आहे. पाऊस, घाम, नळाखाली हात धुणं, इथवर ठीक. अमेझफिटचं बिप ५ आयपी६८ आहे आणि त्याच घराण्यातलं बिप ६ पाच एटीएम. दिसायला भावंडं, पण एकच पाण्यात न्यायचं. आमचा बहुतेक ग्राहक शेवटी बिप ६ घेऊन जातो आणि कधीमधी वल्हवणाऱ्याला ते पुरतं.

ही खात्री घड्याळ नवं असतानाची. आतली रबराची रिंग वर्षागणिक कडक होते. गरम पाणी, साबण आणि वाफेनं ती लवकर जाते, म्हणून घड्याळ घालून गरम पाण्यानं अंघोळ करू नका. मागचं झाकण कुणी एकदा उघडलं असेल, तर दाबाची चाचणी केल्याशिवाय त्याला पाण्यात नेऊ नका. जुनं घेणाऱ्यांना हे आम्ही आवर्जून सांगतो.

आणखी थोडं

ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, उलट पाण्याचे थेंबच त्याला बोट वाटतात. निदान दोन खरी बटणं असलेलं घ्या. बॅटरीचे 'चौदा दिवस' जीपीएस बंद असतानाचे असतात. जीपीएस चालू असताना किती तास टिकते, ही ओळ वेगळी छापलेली असते, ती वाचा. भर उन्हात चकचकीत रंगीत पडद्यापेक्षा इन्स्टिंक्ट २ सारखा मंद, कागदासारखा पडदा जास्त नीट दिसतो. घड्याळातून फोनवर बोलायची सोय पाण्यासाठी निरुपयोगी आहे.

निघायच्या आदल्या रात्री घड्याळ फोनला जोडून सिंक करा. उपग्रहांच्या जागांची यादी त्यातून येते आणि काही दिवसांत ती शिळी होते. ताजी असेल तर आपण कुठे आहोत हे घड्याळाला घाटावर पटकन सापडतं. नाहीतर पायऱ्यांवर उभं राहून वाट बघायची. मिळेपर्यंत बघाच, नावेत बसून 'सुरू' दाबू नका.

घड्याळ बुडतं. ते तरंगत नाही आणि तुम्हाला तरंगवतही नाही. वर ओंकारेश्वरच्या धरणातून पाणी सोडलं की खाली नर्मदेची पातळी चढते. त्याची सूचना घाटावरचे नावाडी देतात, घड्याळ देत नाही.

परत आल्यावर गोड्या पाण्याखाली धुवा, नर्मदेची गाळरेती बटणांच्या फटीत बसते. मग पुसून, मागच्या चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्यावरच चार्जरला लावा. पिना काळ्या पडलेली घड्याळं आमच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतली बरीचशी ओली असतानाच चार्जरवर ठेवलेली असतात.

भाव आम्ही इथे छापत नाही, सेलच्या दिवसांत ते रोज बदलतात. येताना फोन घेऊन या. अर्ध्या तासात जोडून, चौकापर्यंत चालवून, रेघ दाखवूनच घड्याळ हातात देतो.