नामदार गोखले : कायदेमंडळातील भूमिका आणि मतदान

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) हे १८९९ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९०२ पासून मृत्यूपर्यंत व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद होते. काँग्रेसचे अध्यक्षपद (बनारस, १९०५), भारत सेवक समाजाची स्थापना, टिळकांशी असलेले मतभेद या गोष्टींवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या नावामागे कायमचे ‘नामदार’ लागले ते मात्र कायदेमंडळामुळे, आणि तिथे त्यांनी कोणत्या प्रश्नावर कोणती बाजू घेतली, मत कुठे टाकले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. ही नोंद तेवढ्यापुरतीच आहे.

हा हिशेब मांडताना सभागृहाचे नियम आधी पाहावे लागतात. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती. पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे, ठराव मांडता येत नसे, उपप्रश्नही विचारता येत नसे. विधेयकांवर मतदान होई, परंतु सभागृहात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असे आणि ते सरकार सांगेल तिकडे मत देत. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ठराव आणि उपप्रश्न यांचा हक्क मिळाला, सभासदसंख्या वाढली, निवडून आलेले सभासद २७ झाले. तरीही केंद्रात सरकारी बहुमत कायम राहिले, आणि ठराव मंजूर झाला तरी सरकारवर बंधनकारक नव्हता. अशा सभागृहात किती वेळा जिंकला आणि किती वेळा हरला यावरून सभासदाची किंमत करता येत नाही. हरणार हे ठाऊक असताना त्याने कोणता प्रश्न मतास टाकायला लावला आणि त्या वेळी त्याच्याबरोबर कोण उभे राहिले, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

मुंबईतली पहिली मोठी कसोटी १९०१ ची. १८९९-१९०० च्या दुष्काळात शेतकऱ्यांचा सारा थकला होता. सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती सुचवली : सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही. सावकाराच्या तावडीतून कुणब्याला सोडवण्यासाठी हे करतो आहोत, असे सरकारचे म्हणणे. गोखल्यांचा आक्षेप असा की, शेतकरी कर्ज काढतो ते मुख्यतः सारा भरण्यासाठी. त्याची पत काढून घेतली तर पुढच्या दुष्काळात त्याला दारात कोण उभे करील? आणि सरकारला खरोखर सुधारणा हवी असेल तर एखाद्या लहान टापूत करून पाहावी, सगळ्या प्रांतावर एकदम लादू नये. विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले आणि त्यांच्यामागोमाग भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख यांच्यासह गोखलेही बाहेर पडले. जाताना आपण हे अनादराने करत नाही, कर्तव्य म्हणून नाइलाजाने करतो आहोत, एवढे सांगायला ते विसरले नाहीत. सभात्याग आज रोजचा झाला आहे. १९०१ मध्ये तो जवळजवळ अश्रुतपूर्व होता, आणि तो करणाऱ्यांत ‘मवाळ’ गोखले होते हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

केंद्रीय कायदेमंडळात मेहतांच्या जागी निवडून येऊन ते कलकत्त्याला गेले. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. वर्षाचा वाढावा सुमारे ७ कोटी रुपयांचा होता, शिलकीचे हे लागोपाठ चौथे वर्ष, आणि सभागृहात अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी नेमक्या त्या शिलकीवरच बोट ठेवले. रुपयाचा भाव घसरत होता त्या काळात तूट भरून काढायला कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये झाला तो त्यातलाच. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद करून रुपया चढवला, तो १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला. विलायतेला पाठवायच्या रकमेत त्यामुळे कोट्यवधी रुपये वाचू लागले, पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त पैसा वसूल होत होता आणि त्यालाच भरभराट म्हटले जात होते. हे आकडे लावण्यात त्यांना सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींची मोठी मदत झाली. जोशी न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले, सरकारी अहवाल कोळून प्यालेले शिक्षक; त्यांचे नाव गोखल्यांच्या कीर्तीआड झाकले गेले, हे बरे झाले नाही.

त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये ही भाषणे होत राहिली. मागण्या बहुतेक त्याच : मिठावरचा कर कमी करा, सारा हलका करा, देशी कापडावरची जकात काढा, लष्कराचा खर्च आवरा, वरच्या जागा हिंदी लोकांना द्या, रेल्वेपेक्षा पाटबंधाऱ्यांकडे आणि शाळांकडे पैसा वळवा. मत देण्याचा हक्क नसताना या भाषणांनी काय साधले? मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची माफी १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपयांवर गेली. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण तिजोरीत पैसा होताच. पण दरवर्षी तोच प्रश्न आकड्यांनिशी उभा करणारा माणूस समोर बसला आहे याचा दाब सरकारवर होता. लष्करी खर्च आणि कापडावरची जकात यांबाबत त्यांच्या पदरात काहीही पडले नाही.

व्हाइसरॉय कर्झनच्या काळात त्यांनी सरकारी गुपितांच्या कायद्याला आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्याला विरोध केला. विद्यापीठ विधेयकावर ते प्रवर समितीत (विधेयकाची छाननी करणाऱ्या समितीत) होते. विद्यापीठे सरकारी खाते बनतील, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी उपसूचनांमागून उपसूचना मांडल्या आणि त्या एकेक करून पडल्या. गंमत अशी की त्याच वर्षी कर्झनने त्यांना सी.आय.ई. किताब मिळवून दिला आणि त्यांची तोंडभरून स्तुती केली. १ नोव्हेंबर १९०७ रोजी सिमल्याला राजद्रोही सभाबंदीचे विधेयक आले. तेव्हा गोखले आणि रासबिहारी घोष यांनी स्पष्ट विरोध केला. पंजाबातला असंतोष सरकारच्याच धोरणातून आला आहे, सभा बंद करून तो भूमिगत होईल, हे गोखल्यांनी तिथे बजावले.

म्हणूनच १९१० च्या वृत्तपत्र कायद्यावरची त्यांची भूमिका टोचते. छापखान्यांकडून अनामत घेऊन ती जप्त करण्याचा अधिकार देणारे हे विधेयक होते. मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू विरोधात उभे राहिले. गोखल्यांनी विधेयकातल्या कलमांवर टीका केली, पण मूळ तत्त्वाला विरोध केला नाही. एरवी केला असता, सध्याची परिस्थिती वेगळी आहे, असा त्यांचा सूर होता. नुकत्याच झालेल्या राजकीय हत्या आणि नुकत्याच मिळालेल्या सुधारणा, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. मराठी वृत्तपत्रांना पुढे या कायद्याची झळ लागली आणि टिळकपक्षीयांनी गोखल्यांना याबद्दल माफ केले नाही. त्यात वावगे काही नव्हते. १९०९ मध्ये मुसलमानांसाठी वेगळ्या मतदारसंघांना त्यांनी दिलेला पाठिंबाही असाच वादग्रस्त राहिला. अल्पसंख्याकांची भीती घालवणे हे बहुसंख्याकांचे काम आहे, असे त्यांना वाटे.

हे सारे एका साच्यात बसत नाही. १९११ मध्ये मालवीयांनी परदेशी साखरेवरची जकात वाढवण्याचा ठराव आणला, तेव्हा गोखले त्यांच्या विरुद्ध बोलले. संरक्षक जकातीचे तत्त्व त्यांना अमान्य नव्हते. पण जकातीची सूत्रे आपल्या हातात नाहीत तोवर संरक्षणाचा लाभ बलिष्ठ हितसंबंधी उपटतील आणि भुर्दंड गरीब गिऱ्हाइकाला पडेल, हा त्यांचा हिशेब होता. आंतरजातीय विवाहांची वाट मोकळी करू पाहणाऱ्या बसूंच्या विधेयकाला मात्र त्यांनी पाठिंबा दिला. ते विधेयकही पडले.

ठरावाचा हक्क हाती येताच त्यांनी तो गिरमिट पद्धतीवर, म्हणजे परदेशी करारबद्ध मजूर पाठवण्याच्या पद्धतीवर, वापरला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडे होणारी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा असा ठराव मांडला. दक्षिण आफ्रिकेतल्या वागणुकीने सरकारही अवघडले होते; ठराव मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी ते पुढे सरकले : ही पद्धत सगळीकडेच बंद करा. पाच वर्षांच्या करारात अडकलेला मजूर, काम चुकवल्याबद्दल दिवाणी नव्हे तर फौजदारी शिक्षा, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवण्याच्या नियमातून ओढवलेली बायकांची विटंबना, हे त्यांनी एकेक करून मांडले. सरकार फिरले. ठरावाच्या बाजूने २२, विरुद्ध ३३. निकाल हारीचा असला तरी हिंदी बिनसरकारी सभासद एकजुटीने उभे होते. मालवीयांनी १९१६ मध्ये हाच विषय पुन्हा आणला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंगने तो स्वीकारला आणि १९१७ मध्ये भरती थांबली.

पंधराच दिवसांनी त्याच सभागृहात प्राथमिक शिक्षण विधेयक मतास आले. मार्च १९१० मध्ये याच विषयावर त्यांनी ठराव मांडला होता. चौकशीचे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला, त्यामुळे त्यावर मतदान झालेच नाही. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतः विधेयक सादर केले. त्यात जहाल असे काहीच नव्हते. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक पातळीवर पोचले असेल तिथेच सक्ती. तीही तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने मागितली आणि प्रांतिक सरकारने परवानगी दिली तरच. ६ ते १० वयाचे मुलगे आधी, मुली पुढे यथावकाश. महिन्याला १० रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसवण्याची मुभा, आणि खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा ही अपेक्षा.

वर्षभर विधेयक प्रांतोप्रांती मतासाठी फिरले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी नापसंती कळवली. १८ व १९ मार्च १९१२ असे दोन दिवस वाद चालला. विधेयक १५ जणांच्या प्रवर समितीकडे पाठवावे, एवढाच प्रस्ताव होता. शिक्षण खात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांचे म्हणणे, लोकांची मागणी नाही, पैसा नाही, सक्तीवाचूनच शाळा वाढवू. जिना आणि मालवीय गोखल्यांच्या बाजूने बोलले. पण काही हिंदी सभासदांनीही विरोध केला : कर नको, सक्ती नको, आणि शेतावरची, घरकामाची माणसे शाळेत गेली तर कामाला कोण येणार ही न बोललेली धास्ती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्ती चालवली होती, हे उदाहरण गोखल्यांनी वारंवार दिले. संस्थानात चालते ते ब्रिटिश मुलखात का चालू नये, याचे सरळ उत्तर कोणी दिले नाही. आपले विधेयक संध्याकाळपर्यंत पडणार हे आपल्याला ठाऊक आहे, आपली तक्रार नाही आणि आपण खचणारही नाही, असे त्यांनी भाषणातच सांगून टाकले. बाजूने १३, विरुद्ध ३८.

गिरमिटाला मिळालेली २२ मते आणि शिक्षणाला मिळालेली १३ मते शेजारी ठेवली की १९१२ चे सभागृह नीट दिसते. परमुलखात हिंदी माणसाची होणारी मानखंडना सर्वांना सारखी लागत होती. तिच्याविरुद्ध मत द्यायला घरचे काही सोडावे लागत नव्हते. कुणब्याच्या पोराला शाळेत बसवायचे तर कर भरावा लागणार होता आणि गडी गमावावा लागणार होता. तिथे जमीनदार सभासद सरकारच्या आडोशाला गेले. गोखल्यांच्या पराभवाचे खापर केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांवर फोडणाऱ्या शाळकरी चरित्रांत हा भाग गाळलेला असतो.

यानंतर त्यांचा बराच वेळ दक्षिण आफ्रिकेचा दौरा (१९१२) आणि सरकारी नोकऱ्यांवरील शाही आयोगाचे काम यांत गेला. मधुमेहाने ते खंगले; १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ किताब त्यांनी नाकारला. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांचे विधेयक मंजूर झाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा तो पहिला कायदा ठरला. तो नगरपालिकांपुरता होता, आणि सक्ती करायची की नाही हे त्यातही नगरपालिकेच्याच मर्जीवर सोडलेले होते.