रक्तदाब आणि लघवीतलं मीठ : मोजणीची पार्श्वभूमी

‘मीठ किती खाता?’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर सहसा अंदाजपंचेच असतं. लघवीत मात्र हिशेब उतरतो. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. पोटात गेलेल्या सोडियमपैकी साधारण ९० टक्के लघवीवाटेच बाहेर पडतं. म्हणून रक्तदाब आणि मीठ यांचा संबंध शोधणारे सुरुवातीपासून लघवीकडे वळले.

१९०४ साली पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या डॉक्टरांनी मोजकेच रुग्ण घेऊन खाल्लेलं क्लोराइड आणि लघवीतून गेलेलं क्लोराइड यांचा ताळा मांडला. मीठ कमी केलं की रक्तदाब उतरतो, असं त्यांना दिसलं. मोजलं ते क्लोराइड, कारण सोडियम मोजणं तेव्हा फार किचकट होतं. क्लोराइडची तपासणी पुढे रुग्णाच्या खाटेपाशीच होऊ लागली. परीक्षानळीत लघवीचे १० थेंब, पोटॅशियम क्रोमेटचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट थेंब-थेंब सोडायचं. पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. जितके थेंब लागले, तितके ग्रॅम मीठ दर लिटरला. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. केम्पनर यांनी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी भाताचा अतिशय कडक आहार राबवला. रुग्ण तो खरंच पाळतोय का, हे तेही लघवीतल्या क्लोराइडवरूनच ताडत.

त्याच दशकात फ्लेम फोटोमीटर आला, म्हणजे नमुना ज्योतीत फवारून मोजणारं यंत्र. सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची जांभळट. ज्योतीची प्रखरता मोजली की प्रमाण कळतं. पोटॅशियमलाही त्यामुळे भाव आला. १९५५ मध्ये मिशिगनच्या डॉ. जेरोम कॉन यांनी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीमुळे होणारा रक्तदाब ओळखला. रक्तात पोटॅशियम कमी असूनही ते लघवीतून वाहून जात राहणं, ही त्याची मोठी खूण.

मीठ आणि रक्तदाबावरचा १९८८ चा इंटरसॉल्ट अभ्यास तोवरचा सर्वांत मोठ्या आवाक्याचा: ३२ देश, ५२ केंद्रं, १०,०७९ माणसं, प्रत्येकाची २४ तासांची लघवी. ब्राझीलच्या यानोमामी आदिवासींच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हतंच, आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाबही वाढत नव्हता.

यंत्रं सुधारली, पण खरी अडचण गोळा करण्यात राहिली. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा प्रत्येक थेंब साठवायचा. एक वेळ जरी चुकली तरी आकडा खाली येतो. १९८३ मध्ये पाबा नावाच्या गोळ्या देऊन त्या लघवीत किती उतरतात हे पाहायची युक्ती निघाली. त्यावरून नमुना पूर्ण आहे का ते कळतं.

हा व्याप टाळायला कावासाकी आणि तनाका या जपानी संशोधकांची सूत्रं आली. त्यांत एकाच वेळच्या लघवीवरून दिवसाचं मीठ काढतात. मोठ्या लोकसमूहाच्या सरासरीसाठी ती चालतात, पण कमी मीठ खाणाऱ्याचा आकडा ती फुगवतात आणि जास्त खाणाऱ्याचा घटवतात. २०१४ साली प्युअर नावाच्या बहुदेशीय अभ्यासाने लाखभर लोकांच्या सकाळच्या नमुन्यांवरून फार कमी मीठही धोक्याचं असू शकतं असं सुचवलं, तेव्हा वाद पेटला तो याच मुद्द्यावर. माझ्या मते, एका सकाळच्या नमुन्यावर एवढा मोठा निष्कर्ष पेलत नाही.