भिगवणचे पाणथळ छायाचित्रण

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही गावे आहेत. पुण्याहून सोलापूर महामार्गाने अंतर साधारण १०० किमी. पाणपक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची महाराष्ट्रातली ही सर्वांत गजबजलेली जागा असावी. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचे अधिकृत नाव यशवंतसागर.

इथला हंगाम महिन्यांपेक्षा धरणाच्या पातळीवर ठरतो. इंदापूर पर्जन्यछायेतला तालुका. गावात पाऊस पडो न पडो, मावळात कोसळला की भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्याने फुगवटा काठोकाठ भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात चौफेर नुसते खोल पाणी असते. आकाश सुंदर, पक्षी तुरळक. या दिवसांत येणारे लोक सूर्यास्ताचे फोटो घेऊन परततात.

पुढे शेतीसाठी पाणी सुटत जाते, काठ उघडा पडतो आणि गाळाच्या उथळ दलदली तयार होतात. रोहित (फ्लेमिंगो) याच उथळ पाण्याची वाट पाहत असतात, कारण चोच उलटी बुडवून गाळातले सूक्ष्म जीव गाळून खाणे हे त्यांचे जेवण. धरण तुडुंब असलेल्या वर्षी डिसेंबरात गेलेला माणूस बहुधा हिरमुसून येतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ त्या मानाने भरवशाचा. थव्यातली राखाडी, मळकट दिसणारी पिल्ले बहुतेक जण फ्रेमबाहेर ठेवतात. वास्तविक वयानुसार बदलणारा रंग एकाच चौकटीत पकडण्याची संधी त्यांच्यामुळेच मिळते.

थंडीत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, थापट्या, चक्रवाक, कुरव (सीगल) आणि मासे धरणारा कैकर हेही दिसतात. चित्रबलाक, चमचे, शेकाट्या, राखी बगळे यांची सोबत असतेच. जवळच्या भादलवाडी तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वीण होते.

फोटो होडीतून काढतात. नावाडी स्थानिक मच्छीमार असतात; थवा कुठल्या बाजूला उतरलाय हे त्यांना फोनवर आधीच कळलेले असते. होडीत ट्रायपॉड कुचकामी, कारण पाण्याबरोबर तोही हलतो. होडीच्या काठावर वाळूची पिशवी ठेवून लेन्स जितकी पाण्यालगत आणता येईल तितके बरे. वरून काढलेला बगळा ठिपक्यासारखा दिसतो, डोळ्याच्या पातळीवरून काढलेला जिवंत वाटतो. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे लागते, धुक्यात नेमके उलट. उड्डाणासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग हा शटरवेग पुरतो. दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि लांबच्या थव्याच्या कडा विरघळतात. ही अस्पष्टता महागड्या लेन्सनेही जात नाही. त्यापेक्षा किनाऱ्यावर येऊन चिलापी माशाचे कालवण खावे.

रोहित पाण्यावरून धावत जाऊन मगच हवेत उठतात. त्या दृश्याच्या मोहापायी होडी थव्यावर घालायला सांगणारे गिऱ्हाईक इथे नवीन नाही. एकदा उठलेला थवा दूर जाऊन बसतो, खायचा वेळ गमावतो आणि मागून येणाऱ्या होड्यांनाही काही मिळत नाही. अनुभवी नावाडी म्हणूनच इंजिन लवकर बंद करून बांबूने होडी ढकलतो. काही ठिकाणी मासे फेकून कुरवांना होडीभोवती घिरट्या घालायला लावतात. फोटो सोपे मिळतात, पण सगळे एकसारखे.

उन्हाळ्यात हौशी मंडळी ओसरतात. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेले तळाचे पाणी. म्हणून पातळी त्यात उतरली की बातम्यांत पाणी ‘वजा टक्क्यां’त मोजतात. २०२४ मध्ये ते वजा पन्नासच्याही खाली गेले होते. अशा वर्षी भेगाळलेला गाळ, उघड्या पुळणींवर नदी सुरय (रिव्हर टर्न) पक्षी आणि एरवी पाण्याखाली असणारे पळसदेवचे जुने दगडी मंदिर एकाच फेरीत टिपता येते. पुढच्या पावसात मावळातले पाणी आले की आधी मंदिराच्या पायऱ्या जातात, मग शिखर.