एलईडी ड्रायव्हर (मोठ्या वॅटचे दिवे आणि प्रोजेक्टर)

एलईडी ड्रायव्हर म्हणजे एलईडीला मोजून करंट देणारं सर्किट. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलताना कोणी म्हणत नाही) आणि लोहार चाळीत याला ड्रायव्हरच म्हणतात, ट्यूबलाइटच्या सवयीने जुने वायरमन अजून 'चोक' म्हणतात, आणि काहीजण सरसकट एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) म्हणतात, तिथे मात्र घोळ होतो, कारण १२ व्होल्टची एलईडी पट्टी चालवणारा एसएमपीएस व्होल्टेज धरून ठेवतो आणि ड्रायव्हर करंट धरून ठेवतो. बंद पडलेली फ्लडलाइट (मांडववाले तिला आजही हॅलोजनच म्हणतात) खोलून बघितली तर बरेचदा एलईडी ठणठणीत असतो, गेलेला असतो तो ड्रायव्हर.

करंटच का धरायचा

पांढऱ्या एलईडीला चालायला साधारण ३ व्होल्ट लागतात, पण तो बल्बसारखा सरळ वागत नाही, व्होल्टेज ०.१-०.२ ने वाढलं तरी करंट दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. त्यात एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं, म्हणजे व्होल्टेज तेच ठेवलं तर करंट वाढणार, करंट वाढला की आणखी तापणार, आणि हे चक्र चिप जळेपर्यंत चालू. छोट्या एलईडीला रेझिस्टर लावून भागतं, मोठ्याला नाही. १२ व्होल्टवर ३ अँपिअरचा एक एलईडी रेझिस्टरने चालवायचा म्हटला तर एलईडी घेणार ९ वॅट आणि रेझिस्टर नुसता तापून खाणार २७ वॅट!

म्हणून मग स्विचिंग. मॉस्फेट (विजेने चालणारा झटपट स्विच) सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होतो, मधली कॉइल करंटला एकदम चढू-पडू देत नाही, आणि एलईडीच्या वाटेत एक अगदी लहान रेझिस्टर असतो ज्याच्यावर किती व्होल्ट पडले ते बघून आयसी (सगळं कंट्रोल करणारी चिप) करंट ओळखतो. ०.१ ओहमवर ३ अँपिअर म्हणजे ०.३ व्होल्ट, जवळपास १ वॅट तिथेच गेला, म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये हा रेझिस्टर आणखी लहान असतो. आत येणारं व्होल्टेज जास्त आणि एलईडीला कमी हवं असेल तर बक (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), उलट असेल तर बूस्ट (चढवणारं). बाजारात मिळणारा १०० वॅटचा सीओबी (एकाच प्लेटवर बऱ्याच चिप बसवलेला एलईडी) साधारण ३२ ते ३६ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर बूस्ट, घरच्या २३० व्होल्टवर चालवायचा तर बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरवाला फ्लायबॅक किंवा तसलाच काहीतरी प्रकार.

हा ट्रान्सफॉर्मर असणं-नसणं फार महत्त्वाचं. स्वस्त ड्रायव्हरमध्ये, आणि डीओबी म्हणतात त्या ड्रायव्हर-एलईडी एकाच प्लेटवर असलेल्या प्रकारात, एलईडीची बाजू मेन्सपासून वेगळी केलेली नसते, म्हणजे दिसायला ३६ व्होल्टची वायर आणि हात लावला तर २३० चा झटका. भर पावसात बांबूला बांधलेल्या दिव्यांसाठी हे किती वाईट ते सांगायला नको. अर्थिंग आणि आयसोलेटेड (मेन्सपासून वेगळा केलेला) ड्रायव्हर, यात काटकसर करू नये.

मुंबईत ड्रायव्हर का मरतात

पहिलं कारण उष्णता. ड्रायव्हरमध्ये बहुधा सगळ्यात आधी म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्यावर '१०५ अंश, २००० तास' असं काही लिहिलेलं असतं आणि ढोबळ हिशोब असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांवर ८००० तास, रोज १२ तास दिवा लावला तर दोन वर्षंही नाहीत. तोच ६५ अंशांवर ठेवला तर ३२,००० तास, म्हणजे सात वर्षांच्या वर. पत्र्याच्या बंद डब्यात एलईडीच्या पाठीला चिकटवलेला ड्रायव्हर कुठल्या गटात जातो ते ओळखा.

दुसरं खारी दमट हवा. समुद्राकाठच्या दिव्यांमध्ये पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, म्हणून बाहेरचे ड्रायव्हर रबरासारख्या मसाल्यात पूर्ण भरून घेतात, मग ते टिकतात पण रिपेअर होत नाहीत. तिसरं सर्ज, म्हणजे लाइनमध्ये क्षणभर येणारा जास्त व्होल्टेजचा झटका, त्यासाठी सुरुवातीलाच एमओव्ही (तो झटका शोषणारा भाग) लावतात आणि रस्त्यावरच्या दिव्यांना बरेचदा वेगळा सर्ज प्रोटेक्टर असतो.

आणि एक आपल्या मंडळांचा खास प्रॉब्लेम: चाळीस फ्लड एका एमसीबीवर घेतले, सगळे मिळून वॅट मोजले, बसतात म्हणून खूश झाले, आणि बटण दाबलं की एमसीबी खाली. लोड जास्त नसतो, फक्त सगळ्या ड्रायव्हरचे कपॅसिटर एकाच क्षणी भरायला जातात आणि तो सुरुवातीचा झटका नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट असतो. टप्प्याटप्प्याने चालू केले की प्रश्न मिटतो. आरतीच्या व्हिडिओत मोबाइलवर काळे पट्टे सरकतात तेही ड्रायव्हरमुळेच, आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त ड्रायव्हर तिची १०० हर्ट्झची लहर तशीच एलईडीपर्यंत जाऊ देतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

रंगाचा दोष मात्र ड्रायव्हरला देऊ नका. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीचा हार (तिथल्या दिव्यांची रांग) फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली, मग पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. तो पांढरेपणा-पिवळेपणा एलईडीवरच्या फॉस्फरचा (पिवळसर लेपाचा).

प्रोजेक्टरचा ड्रायव्हर

इथे खेळ वेगळा. जुन्या प्रोजेक्टरमधला पाऱ्याचा दिवा पेटवायला हजारो व्होल्टचा झटका लागायचा, एलईडीला तो लागत नाही, पण प्रोजेक्टरमध्ये उजेड टिचभर जागेतूनच यावा लागतो, मोठ्या आकाराचा एलईडी लावला तर जास्तीचा उजेड लेन्समध्ये शिरतच नाही. म्हणून लहान चिपमधून १०-२०-३० अँपिअर काढतात, तेही तीन-चार व्होल्टवर. २० अँपिअरला वायरीत आणि जोडात मिळून ५ मिलिओहम असले तरी २ वॅट तिथेच गेले, त्यामुळे ड्रायव्हर एलईडीला अगदी खेटून बसवतात.

एका चिपच्या डीएलपी (बारीक आरशांच्या चिपने चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा, निळा असे आळीपाळीने, सेकंदाला शेकडो वेळा पेटतात. (डीएलपीतली आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये बनवली.) प्रत्येक वेळी करंट काही मायक्रोसेकंदांत पूर्ण चढायला हवा, पण कॉइल तर करंट पटकन बदलू देत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे करंट थांबवायचाच नाही, एलईडीच्या दोन टोकांना मॉस्फेट लावून करंट बाजूने वळवायचा, नळ चालू ठेवून पाइप दुसऱ्या बादलीत टाकावा तसं. वरून लालला व्होल्टेज कमी लागतं, हिरव्या-निळ्याला जास्त, आणि लाल तापला की बाकी दोघांपेक्षा लवकर मंदावतो, म्हणून चांगला ड्रायव्हर तिघांचा हिशोब वेगळा ठेवतो. स्वस्त घरगुती प्रोजेक्टरमध्ये यातलं काही नसतं, एक पांढरा सीओबी, पुढे एलसीडीची काच आणि साधा ड्रायव्हर.

घरी जोडणाऱ्यांसाठी: ड्रायव्हर आधी चालू करून मग एलईडी जोडायचा नाही. एलईडी नसताना ड्रायव्हर करंट शोधत व्होल्टेज वर चढवून ठेवतो, आणि जोडल्या क्षणी कपॅसिटरमधलं सगळं एलईडीत रिकामं होतं. एकदा पांढरा फ्लॅश दिसतो, तोच शेवटचा.