रोजच्या प्रार्थनेतून गळलेली तीन स्तोत्रे : पार्श्वभूमी

कॅथलिक धर्मगुरू, व्रतस्थ बंधुभगिनी आणि अलीकडे बरेच सामान्य भाविकही रोज सकाळ-संध्याकाळ ज्या ग्रंथातून प्रार्थना म्हणतात, त्यातला चार आठवड्यांचा सगळा क्रम म्हणून झाला तरी स्तोत्रसंहितेतले, म्हणजे बायबलातल्या दीडशे स्तोत्रांच्या संग्रहातले, ५८वे, ८३वे आणि १०९वे स्तोत्र त्यात कोठेही येत नाही. पहिल्या रविवारी सकाळी म्हटले जाणारे ६३वे स्तोत्र शत्रूंचा विषय निघण्याआधीच थांबते, बाबेलच्या नद्यांकाठचे १३७वे स्तोत्र सहाव्या वचनाशी संपते, आणि १३९व्या स्तोत्राच्या शेवटाकडची चार वचने मधूनच वगळली जातात. शत्रूंवरच्या शापांमुळे ही काटछाट १९७० साली झाली. ख्रिस्ती माणसाने दिवसभरात किती वेळा व कोणत्या वेळी प्रार्थना करावी, यावर पूर्वी पुष्कळ वाद झाले होते. कोणते शब्द प्रार्थनेत तोंडी येऊ नयेत, हा वाद मात्र इतक्या वरच्या पातळीवर क्वचितच निकाली काढला गेला होता.

प्रार्थनेच्या ठरावीक वेळा ख्रिस्ती लोकांना यहुदी परंपरेतून मिळाल्या. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या एका शिक्षणपर लेखात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असे स्पष्ट सांगितले आहे. पुढे दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचे ११९व्या स्तोत्रातले वचन मठांनी शब्दशः घेतले. सहाव्या शतकात इटलीतल्या एका मठाधिपतीने लिहिलेल्या नियमावलीत दीडशेही स्तोत्रे आठवड्याभरात पुरी व्हावीत, असे बंधन घातले आहे. पूर्वीचे साधुपुरुष जे एका दिवसात करीत ते आपल्यासारख्या मंदोत्साही लोकांनी निदान आठवड्यात तरी करावे, असे त्याने तेथेच नोंदवून ठेवले आहे. आपण करतो ती प्रार्थना पूर्वजांच्या मानाने थोडी आहे, ही जाणीव या इतिहासात तेव्हापासून आहे.

सामान्य माणसाला लॅटिन येत नव्हते आणि ग्रंथ परवडत नव्हता. त्यामुळे दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे वेळा 'नमो मारिया' म्हणण्याची रीत रुजली आणि १५६९मध्ये तिला अधिकृत रूप मिळाले. गोव्यातला संध्याकाळचा तेर्स आणि वसईच्या घराघरांतली रोझरी या दोन्ही याच परंपरेच्या शाखा आहेत. २००२मध्ये प्रकाशाची पाच रहस्ये (येशूच्या जीवनातले मननाचे प्रसंग, प्रत्येकी दहा 'नमो मारिया') नव्याने जोडली गेल्यावर दीडशेचा हा हिशेब दोनशेवर गेला आणि स्तोत्रसंहितेशी असलेला त्याचा आकड्यांचा संबंध संपला. त्यावर थोडी कुरकुर झाली खरी, पण ती भर ऐच्छिक होती आणि घरच्या प्रार्थनेत ती सहज मिसळून गेली.

धर्मगुरूंच्या ग्रंथाचे मात्र वारंवार शस्त्रक्रियेसारखे संक्षेप होत राहिले. १५३५मध्ये एका स्पॅनिश कार्डिनलने प्रवासात व अभ्यासात गुंतलेल्या धर्मगुरूंसाठी सुटसुटीत आवृत्ती काढली. ती अतोनात खपली आणि १५६८च्या आदेशाने रद्दही झाली. दरम्यान १५४९मध्ये इंग्लंडच्या चर्चने आठ प्रहरांच्या प्रार्थना सकाळ आणि संध्याकाळ अशा दोहोंत बसवून स्तोत्रे महिन्याभरावर वाटून टाकली, आणि गावच्या देवळात येणाऱ्या शेतकऱ्यालाही कळेल अशा भाषेत ती म्हणायला लावली. १९११मध्ये रोमने आठवड्याचा क्रम नव्याने मांडला. तोवर संतांचे सण इतके वाढले होते की सणांची तीच ती स्तोत्रे पुन्हापुन्हा म्हटली जात आणि उरलेली कित्येक वर्षभरात वाट्यालाच येत नसत. ती अडचण या फेररचनेने दूर केली. मात्र रोज पहाटे शेवटची तीन स्तुतिस्तोत्रे म्हणण्याची अतिप्राचीन चाल तिने मोडली, आणि उपासनेच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ती हानी आजही सलते. तरीही १९११च्या या बदलात एकही स्तोत्र बाहेर पडले नव्हते.

व्हॅटिकनमध्ये १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या धर्मपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याने सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना हे दिवसाचे दोन आधार ठरवले, सूर्योदयानंतरच्या एका प्रहराची प्रार्थना काढून टाकली, स्तोत्रांचा क्रम आठवड्याहून लांबवण्यास मुभा दिली आणि सामान्य भाविकांनीही ही प्रार्थना म्हणावी, अशी इच्छा व्यक्त केली. लोकभाषेचे दारही याच दस्तऐवजाने उघडले. पुढचा पेच येथेच तयार झाला. लॅटिनमध्ये पुटपुटलेला शाप फारसा कोणाच्या कानावर पडत नव्हता. तोच शाप मातृभाषेत, पहाटे, घरातल्या मुलांसमोर मोठ्याने म्हणायचा म्हटल्यावर अंगावर येतो. शत्रूची मुले अनाथ होवोत, त्यांनी भीक मागत फिरावे, असे १०९वे स्तोत्र म्हणते. ५८वे स्तोत्र दुर्जनांचे दात तोंडातच पाडून टाकण्याची विनवणी देवाला करते. शत्रूवर प्रीती करा व तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे शिकवणाऱ्या गुरूचे अनुयायी हे कोणत्या तोंडाने म्हणणार, हा प्रश्न प्रामाणिक होता. दुसऱ्या महायुद्धाला वीस वर्षे होत होती आणि द्वेषाची भाषा कोठवर नेते हे युरोपने नुकतेच पाहिले होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

ग्रंथाच्या फेररचनेचे काम ज्या तज्ज्ञांकडे होते, त्यांच्यातला मोठा गट स्तोत्रसंहिता अखंड ठेवण्याच्या बाजूचा होता. बिशपांशीही विचारविनिमय झाला. अखेरचा शब्द पोपमहोदयांचा होता आणि तो वगळण्याच्या बाजूने पडला. १ नोव्हेंबर १९७० रोजी नवा ग्रंथ घोषित झाला. इस्राएलचा इतिहास सांगणारी तीन दीर्घ स्तोत्रे विशिष्ट ऋतूंपुरती राखून ठेवली गेली. शापाची तीन पूर्णपणे काढली गेली. ग्रंथाला जोडलेल्या सर्वसाधारण सूचनांत याचे कारण एका वाक्यात दिले आहे : या स्तोत्रांमुळे मानसिक अडचण निर्माण होते. त्याच वाक्यात अशी स्तोत्रे नव्या कराराच्या भक्तीतही आढळतात आणि ती शाप देण्यास प्रवृत्त करत नाहीत, अशी कबुली आहे. माझ्या मते या कबुलीनंतर वगळण्याचे समर्थन फारच क्षीण राहते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना, पेत्र १०९व्या स्तोत्रातले वचन उद्धृत करतो. ज्या स्तोत्राच्या आधारे मंडळीने आपले पहिले मोठे काम केले, ते स्तोत्र मंडळीच्या प्रार्थनेत नाही, ही विसंगती आहे.

असा विचार प्रथम रोमनेच केला, असे मात्र नव्हे. १७८४मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथासाठी तयार झालेल्या उपासनाग्रंथात पुष्कळ स्तोत्रे आणि इतरांचे भाग गाळलेले होते, आणि ख्रिस्ती मंडळीच्या मुखी ते शोभत नाहीत असे त्याच्या प्रस्तावनेत सरळ म्हटले होते. इंग्लंडमध्ये १९२८च्या सुधारित प्रार्थनाग्रंथात अशी वचने कंसात टाकून ऐच्छिक ठेवली गेली. तो ग्रंथ संसदेने नामंजूर केला, पण त्याची कारणे वेगळी होती. कंसाची ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात म्हणणाऱ्याला निवड राहते आणि वाचणाऱ्याला येथे काहीतरी आहे हे दिसते.

स्तोत्रे वगळण्याला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत वजनदार दाखला जर्मनीतला आहे. जुलै १९३७मध्ये, नाझी राजवटीने एका नामांकित पाद्रीला अटक केल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच्या एका तरुण सहकाऱ्याने नेमक्या ५८व्या स्तोत्रावर प्रवचन दिले. त्याचा मुद्दा असा होता की आपण स्वतः निर्दोष नसल्यामुळे ही प्रार्थना आपल्या हक्काने करू शकत नाही. ती निरपराध ख्रिस्ताची आहे, आणि सूड देवाच्या हाती सोपवणारा माणूस स्वतः सूड घेण्याचा अधिकार सोडून देतो. त्या प्रवचनकाराला एप्रिल १९४५मध्ये फाशी दिली गेली. स्तोत्रांत शाप आहे म्हणून ती हिंसेकडे नेतात, या समजुतीला यापेक्षा गंभीर उत्तर मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. येथील प्रॉटेस्टंट कुटुंबांनी ग्रंथातल्या प्रहरांऐवजी घरची उपासना धरली : दिवेलागणीला शास्त्रवाचन, एखादे गीत, मग घरातल्या कोणीतरी केलेली उत्स्फूर्त प्रार्थना. अमेरिकन मिशनरी १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये अहमदनगरला आले. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मण कवीच्या पदांनी या उपासनेला अभंगाची चाल दिली, आणि आजही ती पदे पेटी-टाळांवर म्हटली जातात. अशा घरांत स्तोत्रसंहिता क्रमाने वाचली जाते आणि १०९वे स्तोत्र आपल्या पाळीने येते. नगर आणि सोलापूरकडच्या या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर राहिलेले होते. खोट्या आरोपांनी, विनाकारण आपल्याला वेढले आहे, अशी जी तक्रार त्या स्तोत्राच्या सुरुवातीला आहे, ती त्यांच्या तोंडी परकी ठरत नाही. ज्याला न्यायालयात किंवा चावडीवर कोणी उभे करत नव्हते, त्याची फिर्याद ऐकणारा कोणीतरी आहे, हे सांगणारी ही प्रार्थना आहे. रोममध्ये जाणवलेली मानसिक अडचण प्रामुख्याने सुरक्षित जगणाऱ्यांची होती, असे म्हणणे थोडे कठोर ठरेल, पण चर्चेच्या मेजावर ही बाजू पुरेशी मांडली गेली होती असे वाटत नाही.

योगायोग असा की ज्या नोव्हेंबर १९७०मध्ये रोमचा नवा ग्रंथ घोषित झाला, त्याच महिन्याच्या २९ तारखेला उत्तर भारतातल्या सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या नागपुरात एकत्र आल्या. निरनिराळ्या परंपरांतून आलेल्या या लोकांत ठरावीक प्रार्थना म्हणणारे होते आणि लिखित प्रार्थनेविषयी साशंक असणारेही होते. दोन्ही सवयी चालू राहिल्या, आणि स्तोत्रसंहिता सर्वांच्या बायबलात दीडशेचीच राहिली.

१९७०नंतर पुष्कळ मठांनी स्वतःचे क्रम तयार करून संपूर्ण स्तोत्रसंहिता टिकवली, कारण त्यांना तशी मुभा होती. धर्मप्रांतांतल्या धर्मगुरूंना ती सहजासहजी नव्हती. आता मोबाइलवरच्या ॲपमुळे सकाळ-संध्याकाळची प्रार्थना मुंबईच्या लोकलमध्येही म्हणता येते, आणि १९६३च्या परिषदेची सामान्य भाविकांविषयीची इच्छा काही प्रमाणात पुरी होत आहे. मात्र ॲपमध्ये गाळलेली वचने दिसत नाहीत, त्यामुळे ६३वे स्तोत्र तेवढेच आहे असे अनेकांना वाटते. वगळलेली स्तोत्रे घरी म्हणण्यास कोणतीही बंदी नाही. सूचनांचा तो परिच्छेद फक्त त्या ग्रंथातल्या क्रमापुरता आहे, आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मराठी बायबल उघडून त्यांपैकी एक स्तोत्र घरच्या प्रार्थनेत घेणे नियमात पूर्णपणे बसते.