कागदावरची मैदानं: गोल्फ कोर्सच्या रचनेवरचं नियतकालिक कोण वाचतं आणि का

१९१४ साली लंडनच्या ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकाने एक स्पर्धा जाहीर केली. दोन चांगल्या फटक्यांत चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचेल अशा एका होलचा (पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतच्या एका टप्प्याचा) आराखडा काढून पाठवायचा होता. परीक्षक होते बर्नार्ड डार्विन, होरेस हचिन्सन आणि हर्बर्ट फाउलर. पहिले दोघे खेळणारे आणि लिहिणारे, तिसरा मैदानं आखणारा. पहिला नंबर आला लीड्सच्या ॲलिस्टर मॅकेंझी नावाच्या डॉक्टरचा. त्याच्या आराखड्यात टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत जायला पाच वाटा होत्या. ज्याच्या हातात जोर आहे त्याने धोका पत्करून जवळची वाट धरावी, ज्याच्या हातात नाही त्याने वळसा घालून जावं, आणि दोघांनाही खेळण्यासारखं काहीतरी उरावं, असा त्यामागचा विचार. अमेरिकन रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनल्डने तो आराखडा उचलला आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लिडो क्लबमध्ये, थोडे फेरफार करून, अठरावं होल म्हणून बांधून काढला.

मैदानाची रचना आणि छापील कागद यांचं नातं इतकं जुनं आणि जवळचं आहे. गोल्फ न खेळणाऱ्याला, आणि खेळणाऱ्यांपैकीही बहुतेकांना, आजचं या विषयावरचं नियतकालिक विचित्रच वाटतं. त्यात स्विंग कसा सुधारावा हे नसतं, विजेत्यांच्या मुलाखती नसतात. पानंच्या पानं कंटूर रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या), ड्रेन पाइपांची जाळी, वाळूच्या चाळणीचे निकाल आणि एकाच ग्रीनचे कामाआधीचे आणि नंतरचे फोटो. तरीही ते आवडीने वाचणारा वर्ग आहे, आणि त्यात व्यवसायाबाहेरचे हौशी लोकही बरेच आहेत.

सुरुवात खेळाडूंच्या वादांतून झाली. १९०१ साली लंडनच्याच ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’मध्ये सर्वोत्तम होल कोणतं यावर नामवंतांची चर्चा रंगली. ती वाचून मॅक्डोनल्डच्या डोक्यात एक कल्पना शिरली: ब्रिटनमधल्या उत्तम होल्समागचं तत्त्व काय ते शोधायचं आणि अमेरिकेत एकाच मैदानावर ती सगळी तत्त्वं उतरवायची. त्यातून ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ उभं राहिलं आणि १९११ मध्ये रीतसर उघडलं. चांगलं-वाईट ठरवण्याची भाषा आधी छापून आली, मैदान मागाहून.

अमेरिकेत तर संपादक आणि रचनाकार एकच असत. वॉल्टर ट्रॅव्हिसने १९०८ मध्ये ‘द अमेरिकन गोल्फर’ काढलं; हा गडी १९०४ ची ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकून आलेला, पुढे अनेक मैदानं आखणारा. अमेरिकेतल्या ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’चा पहिला संपादक मॅक्स बेर, तोही रचनाकार. विंग्ड फूट हे नावाजलेलं मैदान आखणाऱ्या टिलिंगहास्टने तिसाच्या दशकात त्याच मासिकाची गादी सांभाळली. यात हितसंबंधांचा गुंता होता हे उघड आहे. स्वतःच्या मालाची स्तुती स्वतःच्याच पानांवर! पण त्यामुळेच लेखन नेमकं झालं. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, इथे का, तिथे का नाही, हे स्वतः बंकर खोदलेल्या माणसाने लिहिलं. त्याच सुमारास, १९२० मध्ये, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, गवत आणि माती यांसाठी ‘ग्रीन सेक्शन’ सुरू केला. पुढच्या वर्षीपासून त्याचं बुलेटिन निघू लागलं आणि विषयाला शेतीशास्त्राची दुसरी बाजू मिळाली. आजच्या नियतकालिकात डावपेचांची चर्चा आणि गवताची चर्चा शेजारी शेजारी दिसते, ती या दोन प्रवाहांमुळे.

मंदी आणि दुसरं महायुद्ध यांनी बांधकाम जवळजवळ थांबवलं. १९४७ मध्ये पाइनहर्स्टला अमेरिकन रचनाकारांची संघटना स्थापन झाली, बुलडोझर आले, नवी मैदानं झपाट्याने निघाली. पण साध्या गोल्फ मासिकांत रचनेची जागा आक्रसत गेली. १९६६ मध्ये ‘गोल्फ डायजेस्ट’ने अमेरिकेतल्या सर्वांत कठीण मैदानांची यादी छापली. यादीचा निकषच काठिण्य! पुढे निकष बदलले, यादी ‘सर्वोत्तम’ची झाली, पण क्रमवारीची सवय वाचकाला लागली ती लागलीच. मैदान कितवं ते कळायचं, तसं का आहे ते कळायचं नाही.

ती पोकळी भरणारी नियतकालिकं नंतर आली. सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या लेस्टरहून निघणाऱ्या ‘गोल्फ कोर्स आर्किटेक्चर’ या त्रैमासिकाचं, सुरुवात २००५. नवी मैदानं तेव्हा अजून निघत होती. लगेच वारं फिरलं: २००६ पासून अमेरिकेत नव्याने उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त होऊ लागली, २००८ च्या आर्थिक संकटाने उरलंसुरलं संपवलं. रचनाकारांचं पोट नव्या बांधकामावरून जुन्याच्या दुरुस्तीवर आलं. माझ्या मते या नियतकालिकांचं खरं भलं तिथेच झालं. नव्या मैदानावर लिहिताना कौतुकापलीकडे फारसं काही नसतं. जुन्याची दुरुस्ती म्हटली की काय बिघडलं आणि का, हे सांगावंच लागतं.

ग्रीनचाच दाखला घ्या. फोटोत ग्रीन नेहमी सपाट दिसतं, कारण कॅमेरा उतार खातो. आराखड्यात तो लपत नाही. दर १० सेंटिमीटर उंचीला एक कंटूर रेषा आहे असं धरा. दोन रेषांमधलं अंतर ५ मीटर असेल तर उतार २ टक्के, अडीच मीटर असेल तर ४ टक्के. आता यात गतीचा हिशेब घाला. ग्रीनची गती मोजायचं साधन म्हणजे स्टिम्पमीटर, खाच असलेली ३६ इंची पट्टी. खाचेत चेंडू ठेवून पट्टीचं एक टोक हळूहळू उचलायचं, चेंडू सुटून सपाट भागावर जितके फूट जाईल तितकी गती. एडवर्ड स्टिम्पसनने ती १९३५ मध्ये बनवली, यूएसजीएने सत्तरच्या दशकात स्वीकारली. तेव्हाच्या पाहणीत अमेरिकेतल्या ग्रीनची सरासरी साडेसहा फूट निघाली होती. आज चांगल्या क्लबांत दहा-अकरा फूट रोजचं झालं आहे. विसाच्या दशकातल्या ग्रीनवर मागून पुढे ४-५ टक्के उतार सर्रास असे. सहा फुटांच्या गतीला तो रंगतदार, अकरा फुटांना चेंडू थांबतच नाही. मग भोक पाडायला ३ टक्क्यांच्या आतली जागा शोधावी लागते. ती एखाद्या कोपऱ्यात सापडते, रोज तिथेच पाय पडतात आणि गवत मरतं. उपाय दोन. एक, गवत थोडं उंच ठेवणं, जे सभासदांना रुचत नाही. दुसरा, ग्रीनचं लेझर स्कॅन करून, हिरवळ सोलून, मागची बाजू काही सेंटिमीटर उतरवून पुन्हा बसवणं. दोन्हींतलं काय केलं आणि किती जागा परत मिळाली, हे सांगणारा आराखडा छापला की क्लबच्या ग्रीन कमिटीतला सभासद ते पान जपून ठेवतो.

ग्रीनच्या पोटात काय असतं हाही असाच विषय. १९६० पूर्वीची बहुतेक ग्रीन्स जागच्याच मातीचा ढीग करून केलेली. त्या वर्षी यूएसजीएने प्रमाणित पद्धत छापली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. तळाशी चर खणून १०० मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप, एकमेकांपासून जास्तीत जास्त ५ मीटरवर, किमान अर्धा टक्का उतारात. वर १०० मिलिमीटर खडी, तिच्यावर ३०० मिलिमीटर वाळूप्रधान थर. बारीक वाळू खडीवर बसली की पाणी लगेच खाली जात नाही, थराच्या तळाशी अडून राहतं आणि मुळांना मिळतं. भार वाढला की सुटतं. सगळा खेळ कणांच्या आकाराचा आहे. खडी फार जाड निघाली तर वाळू तिच्या फटींत उतरते. म्हणून नियम असा की खडीतला बारीक १५ टक्के भाग ज्या मापाखाली येतो ते माप, वाळूतला ८५ टक्के भाग ज्याखाली येतो त्या मापाच्या आठपटीच्या आत हवं. ते जमत नसेल तर मध्ये जाड वाळूचा ५० ते १०० मिलिमीटरचा थर घालावा लागतो. बहुतेक बिघाड या हिशेबात होत नाही, तो होतो शेवटच्या दिवशी. घाईत चिकणमातीत वाढवलेली तयार हिरवळ आणून वर अंथरतात, तिची माती धुतलेली नसते, आणि वाळूच्या डोक्यावर पाणी न सोडणारा पापुद्रा तयार होतो. खाली कितीही उत्तम पाइप असोत, वर डबकी साचतात.

बंकरचं दुखणं वेगळं. पावसात उभ्या उतारावरची वाळू वाहून तळाशी येते, खालची माती उघडी पडून वाळूत मिसळते, ड्रेन बुजतो. पूर्वी वाळूखाली कापड घालत. ते दंताळ्यात अडकून वर येई. आता बारीक खडीच्या सुमारे ५० मिलिमीटर थरावर पॉलिमर फवारतात किंवा तितक्याच जाडीचं सच्छिद्र काँक्रीट घालतात. वर तळाला १०० ते १५० मिलिमीटर वाळू, उभ्या बाजूंना त्याहून कमी. पण बाहेरचं पाणी बंकरमध्ये उतरत असेल तर सगळा खर्च वाया जातो, म्हणून वरच्या कडेला बारीक उंचवटा देऊन ते वळवायचं. या थरांच्या जाहिराती नियतकालिकात भरपूर असतात. उंचवट्याची जाहिरात कोण करणार, त्यासाठी लेखच वाचावा लागतो.

रचनेचा अभ्यासक जुन्या अंकांना सोडत नाही याचं कारण, मैदान स्वतःच सतत बदलत असतं. गवत कापणारा कामगार कडेची पट्टी खरवडली जाऊ नये म्हणून दोन बोटं आतून यंत्र फिरवतो. वर्षानुवर्षं तसं होऊन ग्रीन आत आत सरकतं. तीन पात्यांची बसून चालवायची यंत्रं आल्यावर कोपरे गोल झाले. मूळ कडा कुठे होती ते शोधायला जमिनीत नळी घुसवून मातीचा नमुना काढतात. ग्रीनवर दरवर्षी वाळू पसरलेली असते, त्यामुळे नमुन्यात वाळूचे थर जिथे संपतात तिथे जुनी कडा. उरलेलं उत्तर जुने फोटो देतात. पाइनहर्स्ट नंबर २ या डोनाल्ड रॉसच्या मैदानाचं २०१०-११ चं काम बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी केलं, तेव्हा १९४३ च्या नाताळच्या दिवशी विमानातून घेतलेला फोटो हाताशी होता. फेअरवेची, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या पट्ट्याची, मधली रेषा जुन्या पाण्याच्या पाइपलाइनीवरून मिळाली. सुमारे ३५ एकर हिरवळ काढली, पाण्याचे फवारे ११५० वरून ४५० वर आले. २०१४ मध्ये तिथे पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली आणि टीव्हीवर तपकिरी कडा पाहून बऱ्याच प्रेक्षकांनी नाकं मुरडली.

लिडोचं तर मैदानच उरलं नव्हतं. पाणथळ जागेवर खाडीतून सुमारे २० लाख घनयार्ड वाळू उपसून उभारलेलं, १९१७ मध्ये उघडलेलं ते मैदान दुसऱ्या महायुद्धात नौदलाने घेतलं आणि नाहीसं झालं. जुने फोटो, आराखडे आणि मासिकांतली वर्णनं जुळवून एका हौशी अभ्यासकाने त्याचं संगणकीय प्रारूप तयार केलं. ते जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रांना पुरवून रचनाकार टॉम डोकच्या चमूने विस्कॉन्सिनमधल्या सँड व्हॅलीत, समुद्रापासून शेकडो मैल दूर, लिडो पुन्हा बांधलं. २०२३ मध्ये ते खेळायला खुलं झालं.

या नियतकालिकांचा दोषही सांगायला हवा. त्यांचा खर्च भागतो तो तुषार सिंचन, गवताचं बियाणं, यंत्रं आणि बांधकाम कंत्राटदार यांच्या जाहिरातींवर. त्यामुळे उद्‌घाटनाच्या आठवड्यातले फोटो मुबलक, पाच वर्षांनंतरचे क्वचित. संगणकावर रंगवलेली चित्रं तर सरळ ओलांडून जावीत. मजकूर रचनाकाराच्या कचेरीतून आला असेल तर ओळखू येतो: त्यात घनमीटर, एकर, टक्के यांतलं काहीच नसतं आणि निसर्गाशी एकरूपता भरपूर असते.

आपल्याकडे वाचताना आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. कोलकात्यात १८२९ पासून आणि चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात १९२७ पासून गोल्फ खेळलं जात आहे, पण बहुतेक लेख थंड हवेतल्या बेंट आणि फेस्क्यू गवतांवर लिहिलेले असतात. इथलं काम बर्म्युडावर चालतं, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातल्या संकरित जाती. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वर सांगितलेला वाळूचा थर प्रयोगशाळेत तासाला किमान १५० मिलिमीटर पाणी सोडायला हवा, तेव्हा ग्रीन तग धरतं. अडतं ते पाइपाच्या तोंडाशी: तो ज्या नाल्यात सुटतो तो भरतीच्या वेळी तुंबलेला असेल तर पाणी उलटं फिरतं. म्हणून आधी नाल्याची पातळी घ्यावी, मग ग्रीनची उंची ठरवावी. देशावरच्या काळ्या मातीत प्रश्न आणखी वेगळा. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाइपाचा अर्धा टक्का उतार दोन पावसाळ्यांत उलटा होऊ शकतो. चर खणताना काळी माती काढून मुरूम भरावा, धुम्मस करावी, आणि पाइप त्यावर टाकावा.