‘विनोदी’ या शिक्क्याआधी आणि नंतर: सोलापुरी घरांच्या आठवणींची पार्श्वभूमी

तापट बाप, तीन भाषांत भांडणारी आजी, दर सणाला रुसून बसणारा काका, उधारी चुकवत मागच्या दारानं ये-जा करणारा मामा. सोलापूरच्या अशा घरांत वाढलेली माणसं आता आपल्या बालपणावर हसत हसत लिहू लागली आहेत, आणि ते आवडीनं वाचलंही जातं. हे लेखन कुठून आलं, ते थोडक्यात.

घरच्यांच्या विक्षिप्तपणावर हसत लिहिण्याची मराठीतली वाट जुनी आहे. १९३४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झालेल्या एका कविपत्नीच्या आठवणींत सोवळ्यापायी सगळं घर वेठीला धरणारे वडील आहेत, न सांगता घर सोडून जाणारा नवराही आहे. त्याच दशकात एका कारकुनाच्या तोंडून सांगितलेल्या कुटुंबकथा गाजल्या. त्या कल्पित होत्या, पण विनोदी कुटुंब म्हणजे पांढरपेशं घर हा साचा त्यांनी पक्का केला. १९०९ मध्ये सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा तोवर रुळली होती, तिनं तो घरोघर पोचवला.

सोलापूर या साच्यात बसत नव्हतं. शहराची ओळख गिरण्यांची, १९३० च्या मार्शल लॉची, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची. सोलापूरवर लिहायचं तर त्यावर. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत काय चालतं ते छापण्याजोगं वाटत नव्हतं, आणि कुणाला वाटलंच तर घरचे म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ गिरण्यांनी उघडली. नव्वदच्या दशकापर्यंत मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि आयुष्यभर पाळीवर जाणारे बाप दिवसभर घरात दिसू लागले. आई विड्या वळून घर चालवते आणि बाप कॉटवर बसून तिला कामाची शिस्त शिकवतो, हे दृश्य आमच्या गल्लीत घराघरात होतं. आज जे लिहितायत, ती त्या वेळची शाळकरी पोरं.

माझे वडील साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात होते. गिरणी सुटल्यावरही त्यांच्या बोटांना कापड सुटलं नाही. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर मिळाला की ते मांडवातच टॉवेलची घडी मोडायचे, कडेचा एक धागा उपसून बल्बसमोर धरायचे, त्याचा पीळ उलगडायचे आणि शेजारच्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, “एकेरी सूत लावलंय. दोन धुण्यांत चाळणी होणार.” यजमान ओशाळायचा. आई ताटावरून उठून हात धुवायला निघून जायची. आम्ही भावंडं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखी व्हायचो.

हे मी काही वर्षांपूर्वी लिहून एका दिवाळी अंकाला दिलं. त्यांनी ते ‘विनोद’ विभागात छापलं, वर ढेरपोट्या माणसाचं व्यंगचित्र. वडील आयुष्यात कधी ढेरपोटे नव्हते. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “मी विनोद आहे काय बे?”

या प्रश्नापाशी थांबावंच लागतं, कारण सगळा गुंता ‘विनोदी’ या एका शब्दाचा आहे. १९७८ पासून पुढच्या दहा वर्षांत मराठीत दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची जी पुस्तकं आली, त्यांना ‘आत्मचरित्र’ म्हणायचं की ‘आत्मकथन’ की ‘स्वकथन’, यावर मोठा वाद झाला. आत्मचरित्र म्हणजे कृतार्थ माणसानं उतारवयात मांडलेला हिशेब. इथे तर तरुण माणसं स्वतःबरोबर समाजाचं दुःख सांगत होती. म्हणून वेगळा शब्द हवा होता, आणि तो रुजला. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात जन्मलेल्या लेखकाचं १९८४ चं आत्मकथन याच लाटेतलं. त्याच्या नावातला ‘अक्करमाशी’ हा शब्द सोनाराच्या तोळ्यातून आलेला: बारा मासे म्हणजे पुरा तोळा, अकरा म्हणजे कमअस्सल. उण्या घराला मराठीत यापेक्षा नेमका शब्द मला माहीत नाही.

दुःखाला असा मानाचा शब्द मिळाला. त्याच चाळीतलं हसून सांगितलेलं दुःख मात्र विनोदाच्या कप्प्यात गेलं, आणि त्या कप्प्यातलं खरं मानायची वाचकाला सवयच नाही. तो धरून चालतो की लेखकानं मीठमसाला लावलाय. त्यामुळे एका कामगाराचं बारीक, खात्रीचं ज्ञान चेष्टेचा विषय होतं. संपादकांची बाजू अशी की विभाग वाचकांच्या सोयीसाठी असतात आणि ‘विनोद’ म्हटलं की अंक हातात घेतला जातो. खपाचा हिशेब मी समजू शकतो. तरीही ‘आठवणी’ हा साधा शब्द हाताशी असताना तो टाळला गेला, हे चूकच झालं.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच आहे. आमची आजी विड्या मोजायची तेलुगूत, ‘ओकटी, रेंडू, मूडू’. शेजारणीशी भांडायची कानडीत. सिद्धेश्वराला गाऱ्हाणं घालायची मराठीत. छापताना हे सगळं प्रमाण मराठीत आणलं की आजी उरतच नाही. छापील अंकांत बहुधा तसंच व्हायचं.

मोबाइलवर देवनागरी लिहिता येऊ लागल्यावर दोन्ही अडचणी सैल झाल्या. विभाग पाडणारं कुणी मध्ये राहिलं नाही, ‘बे’ला ‘अरे’ करणारंही नाही. विडी वळणाऱ्या आयांच्या मुली लिहू लागल्या, हा सगळ्यात मोठा बदल. २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली; चाळीतून तिकडे गेलेल्या घरांच्या भांडणांवर अजून कितीतरी लिहिण्यासारखं आहे.

वाद आता नावांवरून होतात. नातेवाइकांची खरी नावं घालायची की बदलायची? घरच्यांच्या ग्रुपवर यावरून महिनामहिना अबोला चालतो. माझा टॉवेलचा मजकूर मी यंदा तिथे पुन्हा टाकला, वर ‘आठवणी’ असं लिहून. चुलत भाऊ चिडला. आत्यानं मात्र तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, कुणाचं लग्न, कुठला मांडव, जेवायला काय होतं, सगळं सांगणारा. शेवटी म्हणाली, “आणि टॉवेल कुठला रे? पंचा होता तो.”